तिसरी टाकी

"राजमा, तळाला थेंब उरता कामा नये. आज उरलेला थेंब उद्याचं सगळं दूध नासवतो."

हा आवाज दुधाच्या टाकीच्या पोटातून आला होता. त्याला आता तीस वर्षं झाली. आत सासरे, पायगोंडा मगदूम, गुडघे दुमडून बसलेले; वर माणूस जेमतेम उतरेल एवढं गोल तोंड, आणि त्या तोंडाशी दिवा धरून वाकलेली नवी सून. स्टीलच्या भिंतींवर घुमत घुमत आवाज वर आला, तेव्हा राजमतीला वाटलं की एखादी विहीरच बोलते आहे.

पुढं मामंजींनी तिला वेल्डिंग शिकवलं. पोराचा हात थरथरतो, सुनेचा थरथरत नाही, एवढंच कारण त्यांनी गावाला दिलं. ते गेले, टाक्या बांधायची शेड तिच्याकडं आली. हातकणंगल्यापासून गडहिंग्लजपर्यंत दूध गोळा होतं तिथं तिथं राजमतीची टाकी असायची. तळाला उतार, उताराच्या अगदी खालच्या टोकाला नळ. नळ उघडला की टाकी पुसल्यासारखी कोरडी. लोक म्हणत, मगदुमांच्या टाकीत मुंगीची तहान भागेल एवढंही दूध मागं राहत नाही.

मग ते यीस्ट आलं.

पावाच्या पिठाला आंबवणारं यीस्ट सगळ्यांना माहीत होतं. पण हे प्रयोगशाळेत घडवलेलं, खादाड जातीचं. उसाचा रस काढून घेतल्यावर उरणारं चिपाड, जे जाळण्यापलीकडं कुणाच्या कामाचं नव्हतं, ते हे यीस्ट खायचं. चिपाडाच्या धाग्यात साखरच असते, फक्त ती साखळदंडात बांधल्यासारखी घट्ट गुंफलेली. हे यीस्ट त्या कड्या सोडवायचं, साखर पचवायचं आणि बदल्यात इंधन द्यायचं, अर्धं तेल आणि अर्धं अल्कोहोल. आठ-दहा वर्षांत उसाच्या गावागावात त्याचे हौद उभे राहिले. ट्रॅक्टर त्यावर चालू लागले, पंप चालू लागले. त्यांच्या आळमवाडीचा हौद राजमतीचा नवरा भरतेश सांभाळायचा आणि यीस्टबद्दल जावयाबद्दल बोलावं तसं बोलायचा: खातो फार, पण देतोही.

जमिनीवर सगळं झालं. आभाळ राहिलं होतं.

ते त्रिशलाच्या मनात होतं. त्रिशला म्हणजे भरतेशची बहीण, राजमतीची नणंद. वय सेहेचाळीस, लग्नाच्या वाटेला न गेलेली, वीस वर्षं परगावच्या विमानशाळेत पोरांना उडायला शिकवून परत आलेली. येताना तिनं एक लांबलचक खोकं आणलं. त्यात एक विमान होतं. म्हणजे विमानाचे तुकडे होते. पंखांच्या फासळ्या, पातळ पत्रे, पत्रे जोडायचे हजारो रिव्हेट आणि एक जाडजूड नकाशावही. अशी घरी जुळवायची विमानं आता सरकारनं मोकळी केली होती. इंजिन ठरलेलं, सांगाडा ठरलेला. पण इंधनाची व्यवस्था, म्हणजे टाक्या किती, केवढ्या, नळ्या कुठून, पंप हवा की नको, हे बांधणाऱ्यानं ठरवायचं.

"वहिनी, तुमच्या शेडमध्ये दुधाच्या टाक्या राहतात तर माझं पाखरू राहील का?" तिनं विचारलं होतं.

"राहील की. फक्त धार काढायला सांगू नका."

विमान दोन खुर्च्यांचं होतं. नकाशावही उघडली त्याच दिवशी राजमतीनं त्या दोन खुर्च्या पाहिल्या. दुसरी कुणाची, हे तिनं कुणाला विचारलं नाही. मनातल्या मनात मात्र ती पदर सावरून तिथं बसलीसुद्धा. बावन्न वर्षांच्या आयुष्यात ती कधी टाकीवर चढली त्याहून उंच गेली नव्हती. आणि आता पंखाचा पत्रा घासताना तिच्या ओठांवर ओवी यायची:

नणंद माझी बाई, उंच आभाळाची घार,
तिच्या पंखाच्या पोटात माझ्या हाताची गं धार.

अडचण निघाली ती हिशेबातून. चिपाडाच्या इंधनाला हवेत उडायची परवानगी हवी असेल, तर त्याच्यावर एक घरगुती विमान सलग पाच तास उडालं पाहिजे, दहा हजार फूट चढलं पाहिजे, आणि उतरल्यावर टाकीत अजून पाऊण तास पुरेल एवढं इंधन शिल्लक दिसलं पाहिजे, असा नियम होता. तपासनीस माघ महिन्यात एकदाच येणार होते. तेव्हा जमलं नाही, तर पुन्हा कधी याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं.

त्रिशलानं शेडच्या फरशीवर खडूनं मांडलं. पेट्रोलवर हे इंजिन तासाला अठरा लिटर पितं. चिपाडाच्या इंधनात जोर कमी, म्हणून तेच काम करायला बावीस लागतात. पावणेसहा तासांचे झाले एकशे साडेसव्वीस. आणि नकाशाप्रमाणे दोन पंखांत दोन टाक्या, पंचेचाळीस-पंचेचाळीसच्या. नव्वद. साडेछत्तीस लिटर कमी.

तिनं आकडे पुन्हा एकदा मांडून पाहिले. मग तिनं विमानाच्या आत पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"वहिनी, तुम्हाला काही वर यायचं नाही ना? म्हणजे, दुसऱ्या खुर्चीच्या जागी तिसरी टाकी बसवली तर?"

राजमतीच्या हातात तेव्हा पक्कड होती. ती तिनं खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मला काय करायचंय वर जाऊन?" ती म्हणाली. "बसवा की."

मगदुमांच्या घरात राजमतीला कुणी वाढलेलं कुणाला आठवत नव्हतं. सगळ्यांची ताटं झाली की ती बसायची, आणि कुणी आग्रह केलाच तर तीनदा नको म्हणायची. तिसऱ्यांदा कुणी विचारत नसे. त्रिशलानं तर एकदाच विचारलं होतं, आणि तेही नकाराचं उत्तर प्रश्नातच गुंडाळून. त्या दिवशी पत्रा कापताना आलेली ओवी तिनं मोठ्यानं म्हटली नाही:

भरल्या घरात बाई, माझं पोट भरलेलं,
ताटाखालचं गं मन कुणा नाही दिसलेलं.

तिन्ही टाक्या तिनंच केल्या, आणि मन लावून केल्या. टँकरमध्ये अर्धं दूध असलं की ब्रेक लागताच ते पुढं उसळतं, म्हणून आत भोकांचे आडवे पडदे घालावे लागतात. तसे पडदे तिनं पंखातल्या टाक्यांतही घातले, म्हणजे विमान एका अंगावर कललं तरी इंधन एका कोपऱ्यात पळून जाणार नाही. नकाशात एक चूक मात्र तिला सापडली. नळाचं तोंड तळापासून दोन बोटं वर दाखवलं होतं. दोन बोटं इंधन कायम टाकीत पडून राहणार! परदेशी माणसानं दूध कधी पाहिलं नसावं, असं म्हणून ती हसली, आणि तिन्ही टाक्यांचे नळ तिनं तळाला, उताराच्या अगदी टोकाला नेले. त्रिशलाला तिनं सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय, असं तिला वाटलं.

पौष महिन्यात विमान उडालं. पहिल्या सहा फेऱ्या झाल्या आणि माळावर गाव जमायला लागलं. सातव्या खेपेला त्रिशला पहिल्यांदाच दहा हजार फुटांकडं चढली. राजमती धावपट्टीच्या कडेला मान वर करून उभी होती. ठिपका आभाळात होता, आवाजही होता. मग ठिपका राहिला आणि आवाज गेला.

पुढची अकरा मिनिटं तिनं ठिपक्यावरची नजर काढली नाही. भरतेश पळत आला, काय झालं विचारत राहिला. विमान घारीसारखं गोल गोल घिरट्या घेत, अजिबात आवाज न करता खाली आलं आणि माळाला टेकलं. त्रिशला उतरली तेव्हा तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते. इंजिन खोकलं, तिनं टाकी बदलली, पुन्हा खोकलं, तिसरीवर घेतलं, आणि मग ते बंदच पडलं, असं तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं. मग पाण्याचा तांब्या रिकामा करून म्हणाली:

"वहिनी, तिन्ही टाक्यांनी मिळून मला खाली ओढलं. सख्ख्या बहिणींसारख्या एकजुटीच्या निघाल्या."

कुणी हसलं नाही.

राजमतीनं एकेका टाकीचा नळ सोडून काचेच्या बरणीत इंधन घेतलं. बरणी उन्हात धरली. वर पिवळसर इंधन आणि खाली बोटभर पाणी, मध्ये रेघ मारल्यासारखी. इंधन तर तिनं स्वतःच्या हातानं गाळलं होतं, घरात पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळतात तसं, तीन वेळा. तरी पाणी आलं कुठून?

उत्तर भरतेशनं दिलं. अल्कोहोल हवेतली ओल पितं, आणि टाकी रिकामी होत जाते तशी तिच्यात बाहेरची हवा शिरते, तीही ओल घेऊन. ते पाणी इंधनात विरघळलेलं असतं, दिसत नाही, कापडात अडकत नाही. माळावर ऊन असतं तोवर ते गपगुमान विरघळून राहतं. पण वर, दहा हजार फुटांवर, थंडी लागली की इंधनाला तेवढं पाणी पोटात धरवत नाही. ते सुटतं, जड म्हणून तळाला बसतं.

तळाला, उताराच्या अगदी टोकाला. जिथं तिनं नळ बसवला होता. दुधाच्या टाकीत जे तळाशी असतं तेही दूधच असतं. इथं इंजिननं पहिला घोट घेतला तोच पाण्याचा.

परदेशी माणसानं ती दोन बोटं अडाणीपणानं सोडली नव्हती. घाण खाली बसायला जागा ठेवली होती.

राजमती बरणी हातात घेऊन त्रिशलाकडं गेली. तिला कारणं सुचत होती; मामंजींचं नाव पुढं करता आलं असतं. ती म्हणाली, "चूक माझी आहे, वन्सं. नकाशा बरोबर होता. मी तुम्हाला न विचारता नळ खाली घेतला." आणि जे घडलं ते तिनं क्रमानं, काहीही न वगळता सांगितलं.

त्रिशला ऐकत होती. अकरा मिनिटं आवाजाविना खाली येताना तिला काय काय दिसलं, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. त्या क्षणी ती फक्त बरणीतली रेघ बघत राहिली. मग म्हणाली, "आमचे आप्पा असते तर त्यांनीही नळ खालीच बसवला असता." मग बरणी स्वतःच्या हातात घेऊन: "आणि मीही टाकीत डोकावून बघायला पाहिजे होतं. सातदा उडाले, एकदा वाकले नाही."

तपासनीस यायला एकोणतीस दिवस होते. नळ दोन बोटं उचलायचे, तळाला एक वाटी आणि तिला छोटी तोटी बसवायची, म्हणजे उडण्याआधी साठलेलं पाणी काढून टाकता येईल. एवढंच करायचं असतं तर चार-पाच दिवसांचं काम होतं. त्रिशलानं तेवढंच सांगितलं.

राजमतीनं दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पंखांचे रिव्हेट उडवायला घेतले.

त्रिशला धावत आली. राजमती ड्रिल न थांबवता बोलत होती. पंखातल्या टाकीच्या पुढं दोन फासळ्यांमधली जागा मोकळी आहे, तिथवर टाकी वाढवता येते. पत्रा पातळ घेतला, पडदे जवळ बसवले तर प्रत्येक पंखात पासष्ट लिटर मावतात. दोन्हीचे एकशे तीस. तळाचं एकेक लिटर सोडलं तरी एकशे अठ्ठावीस. पाहिजेत एकशे साडेसव्वीस. तिसरी टाकी लागतच नाही. आणि तिसरी टाकी खाली आहे म्हणून तिला पंप लागतो. पंप आला की वायर आली, वायर आली की बिघाड आला. पंख इंजिनच्या वर आहेत. वरून खाली येणाऱ्याला कुणी ढकलावं लागत नाही. शिवाय सात जोड कमी, सात गळत्या कमी.

"हे सगळं खरं आहे," त्रिशला म्हणाली. "पण एकोणतीस दिवसांत?"

"म्हशी एकोणतीस दिवस दूध द्यायच्या थांबतात का? मी पण थांबणार न्हाई."

ती थांबली नाही. पंखांची शिवण उसवून ती आतून नव्यानं शिवत होती. कापडापेक्षा पातळ वाटणारा ॲल्युमिनियमचा पत्रा, जास्त आच लागली की भोक, कमी लागली की कच्चा जोड. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून ती हवा भरायची आणि एकही बुडबुडा दिसत नाही तोवर पुढं जायची नाही. भरतेश न सांगता तिचं ताट शेडमध्ये आणून ठेवायला लागला. गावातल्या बायका बघायला यायच्या. कुणीतरी म्हणालं, राजमतीबाई पंखांना बाळंतिणीसारखं जपतेय. तिसरी टाकी काढून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. ज्या दिवशी ती विमानातून निघाली, त्या दिवशी राजमतीनं आतली रिकामी जागा ओल्या फडक्यानं पुसून घेतली. सगळी कारणं त्रिशलाला सांगून झाली होती. एक सोडून.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटचा रिव्हेट बसला.

तपासनीस बाई आल्या, नसरीन मुजावर नावाच्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या, हातात स्वतःचं सील केलेलं मापाचं भांडं घेऊन. त्यांनी दोन्ही टाक्या स्वतः मोजून भरून घेतल्या. त्रिशलानं तळाच्या तोट्यांतून बरणीत इंधन घेतलं, उन्हात धरलं. रेघ नव्हती. चाचणीत चालवणाऱ्याशिवाय कुणी बसायचं नाही असा नियम होता, म्हणून दुसरी खुर्ची बसवली तरी ती रिकामीच गेली. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी विमान माळावरून उठलं. नांदेडला गोदावरीवर वळसा घालून, कुठंही न उतरता, परत यायचं होतं.

पाच तास माणसं काय करतात? भरतेशनं तीनदा चहा केला. मुजावरबाईंनी एक कादंबरी काढली आणि पान उलटलं नाही. रेडिओवर त्रिशलाचा आवाज अधूनमधून यायचा: पंढरपूर डाव्या हाताला. लातूर. दहा हजार फूट, बाहेर नऊ अंश, इंजिन ठीक. तो आकडा ऐकून राजमतीनं पायाचे अंगठे चपलेत आवळले. थंडी, पाणी, तळ. इंजिन ठीक. दहा मिनिटांनी पुन्हा, ठीक. नांदेडवरून वळल्यावर त्रिशला म्हणाली, समोरून वारा आहे, थोडा उशीर होईल. मुजावरबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. वारा म्हणजे जास्तीचं इंधन, हे तिथं उभ्या प्रत्येकाला आता कळत होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी इंजिनचा आवाज आला. ठिपका दिसायच्या आधी आवाज आला, आणि या खेपेला तो चाकं टेकेपर्यंत कुठं गेला नाही. माळावरच्या माणसांनी टोप्या उडवल्या. राजमती जागची हलली नाही. अजून मोजायचं होतं.

मुजावरबाई पंखाखाली बसल्या. नळ उघडला. पहिलं भांडं, पाच लिटर. दुसरं, दहा. तिसरं, पंधरा. पाऊण तासाचे साडेसोळा लागत होते. चौथ्या भांड्यात धार बारीक झाली, दोऱ्याएवढी, मग थेंब, मग थेंबाथेंबात श्वास घ्यायला वेळ. पहिल्या लिटरची रेघ ओलांडली. दीड. दोन. भांडं तिरकं होऊ नये म्हणून बाईंनी दोन्ही हातांनी धरलं होतं. पुन्हा थेंब पडत राहिले, आणि नळ थांबला. बाई वाकून बघत राहिल्या.

"सव्वासतरा," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच हसल्या. "आणि तळाचं दोन लिटर मी मोजलं नाही. ते टाकीतच राहू द्या."

मग जो गलका झाला त्यात हलगी कुठून आली कुणाला कळलं नाही. भरतेश हौदाकडं पळाला, यीस्टला सांगायला, असं तो स्वतःच म्हणाला. चिपाड उडालं, गावाचं चिपाड नांदेड बघून आलं, म्हणून माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मुजावरबाईंनी पंखाच्या पत्र्यावरच कागद ठेवून सही केली, आणि टाकी कुणी बांधली या रकान्यात नाव विचारलं. त्रिशलानं सांगितलं: राजमती भरतेश मगदूम. बाईंनी नाव लिहिलं, पुन्हा एकदा पंखाकडं पाहिलं, आणि जोडावरून हळूच बोट फिरवलं.

गर्दी ओसरायला लागली तेव्हा त्रिशला तिच्याजवळ आली. पाच तास बसून पाय आखडले होते, ती लंगडतच होती. तिनं दोन्ही हातांनी वहिनीचे भाजलेले, काळे पडलेले पंजे धरले.

"वहिनी, एक विचारू? पंपाचं तुम्ही सांगितलं ते खरं होतं. जोडांचंही खरं होतं. पण नुसते नळ उचलले असते, तरी भागलं असतं. पाच दिवसांचं काम तुम्ही अठ्ठावीस दिवस केलंत. का?"

राजमतीच्या तोंडाशी सवयीचं उत्तर आलं होतं. काही नाही, असंच. तिनं ते गिळलं. तीस वर्षांत गिळलेल्या गोष्टींत ते शेवटचं होतं.

"वन्सं, तिसरी टाकी त्या खुर्चीत होती," ती म्हणाली. "आणि मला वर यायचंय. पहिल्या दिवसापासून. तुमच्या शेजारी बसून."